मागचं चाक फ्रेममध्ये सरळ बसत नाहीये, ड्रॉपआउट कानसीने घासू का?

चढणकरी
नमस्कार मंडळी. जुनी स्टीलची गियरवाली सायकल आहे माझी, फ्रेम ठणठणीत, पण मागची रिम जोडापाशी चिरली म्हणून एका ओळखीच्याकडून वापरलेलं तयार चाक घेतलं. साइज तीच, ७००सी, टायरवर ६२२ लिहिलेलं असतं ती, ब्रेकची रबरं बरोबर रिमवर येतात. मागे आठ गियरच्या चकत्यांची कॅसेट, आणि नटाऐवजी लिव्हरने आवळायची क्विक रिलीज. त्रास असा की चाक सरळ आत जातच नाही, दोन्ही हातांनी फ्रेमचा मागचा चिमटा (चाकाच्या दोन बाजूंच्या दांड्या) फाकवावा लागतो, आणि कसंबसं गेलं की टायर डाव्या दांडीला खेटून आणि उजवीकडे ही एवढी मोकळी जागा. सपाटीला नीट चालते पण चढावर उभं राहून दोनचार पायडल जोरात मारली की मागून खर्र्र आवाज, उतरून बघावं तर टायर डाव्या दांडीला चिकटलेला. लिव्हर पूर्ण ताकद लावून दाबलेली असते तरी. काल नीट पाहिलं तर दांडीचा रंग अंगठ्याएवढा निघून आतलं लोखंड चकचकायला लागलंय, पोटात गोळाच आला बघून, बारा वर्षं जपलेली फ्रेम आहे.

माझ्या ड्रॉपआउटच्या, म्हणजे फ्रेमच्या मागच्या टोकाला एक्सल बसते त्या पत्र्यांच्या, खाचा आडव्या आहेत, पुढून उघड्या. उजवीकडची खाच मागच्या बाजूने दोनेक मिमी घासून खोल केली तर उजवं टोक मागे सरकेल आणि चाक सरळ होईल असा विचार आहे. कानस काढून ठेवलीये. करू का?

आउटवाला
नका करू. कानस आधी खाली ठेवा. घासलेलं लोखंड परत येत नाही, आणि दोष चाकात असला तर उद्या चांगलं चाक आणल्यावर ते तुमच्या घासलेल्या फ्रेममध्ये वाकडं बसेल. मग कुठलंच चाक सरळ बसणार नाही.

आधी मोजून सांगा. एक, चाक काढल्यावर दोन ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूंमधलं अंतर. दोन, चाकाच्या एक्सलवर दोन्हीकडे सगळ्यात बाहेर जे लॉकनट आहेत त्यांच्या बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंतचं अंतर. तीन, चाक बसवून एक्सल दोन्हीकडे खाचेच्या पार तळाला टेकवायची आणि टायर ते दांडी किती जागा राहते ते डावीकडे उजवीकडे मोजायचं, खाली पायडलच्या मागेही आणि वर ब्रेकपाशीही. वरचं माप लोक विसरतात आणि तिथेच अर्धा उलगडा असतो. खाली फरक जास्त आणि वर कमी असेल तर एक्सल तिरकी बसलीये. वर आणि खाली सारखाच फरक असेल तर चाकाची रिम तरी मधोमध नाही किंवा फ्रेम तरी वाकडी आहे.

दोनपायडल
फाकवावं लागतंय म्हणजे हब (चाकाचा मधला भाग) रुंद आहे, सरळ गोष्ट आहे. जुन्या सहा-सात गियरच्या रोड फ्रेम दोन ड्रॉपआउटमधे १२६ मिमीच्या असायच्या, आठपासून पुढे १३० झालं, माउंटनवाल्या १३५. त्याच्याही आधीच्या १२०.  तुमची १२६ची असणार. मधे जाड थ्रेडेड रॉड घालून नट फिरवत फाकवून टाका कायमची, काही होत नाही.

आउटवाला
दोनपायडल, माप बरोबर सांगितलंत पण रॉड घालायचा सल्ला एवढ्या सहज देऊ नका हो. रॉडने ढकललं की दोन्ही बाजू सारख्या वाकतात असं नाही, जी बाजू जरा मऊ ती जास्त जाते, आणि उजव्या दांडीला चेनरिंगसाठी (पायडलजवळची दातेरी चकती) खोलगा दिलेला असतो म्हणून दोन्ही बाजू मुळात सारख्या नसतातच. झालं, सरळ फ्रेम वाकडी. आणि हे वाचून कोणी ॲल्युमिनियमच्या नाहीतर कार्बनच्या फ्रेमवर केलं तर चीर जाईल. हे फक्त स्टीलला चालतं आणि तेही एकेक बाजू मोजत मोजत.

१२६ मध्ये १३० म्हणजे बाजूला दोन दोन मिमी. स्टीलला ते काहीच नाही, चाक घालताना हाताने फाकवलं तरी चालतं. तेवढ्याने टायर दांडीला घासणार नाही. घासण्याचं कारण वेगळं आहे.

चढणकरी
मोजलं. ड्रॉपआउटच्या आत १२६. लॉकनट ते लॉकनट १३० बरोबर. टायर ते दांडी, डावीकडे ४ मिमी, उजवीकडे ९. वर ब्रेकपाशी पण तेच, पाच मिमीचाच फरक, डावीकडे जवळ. एक्सल दोन्हीकडे तळाला टेकलेली आहे, तीनदा बघितलं.

आउटवाला
छान मोजलंत. आता चाक उलटं घाला. खरंच. चेन काढून बाजूला, आणि चाक फिरवून कॅसेट डावीकडे येईल असं फ्रेममध्ये बसवा, एक्सल तळाला टेकवा, लिव्हर लावा आणि परत तीच मापं घ्या. चालवायचं नाही, फक्त मोजायचं.

उलटं केल्यावर मोठी फट पण उलट्या बाजूला गेली तर खोट चाकात आहे. चाक उलटं करूनही टायर डावीकडेच राहिला तर फ्रेम वाकडी. याला कुठलंही हत्यार लागत नाही आणि हे खोटं सांगत नाही. फ्रेमला हात लावायच्या आधी प्रत्येकाने हे करावं असं मला फार मनापासून वाटतं, कारण चाकाच्या दोषापायी वाकवलेल्या फ्रेम मी बघितल्यात आणि त्या परत पहिल्यासारख्या कधीच झाल्या नाहीत.

साधी_सायकल
धागा तुमचा आहे चढणकरी, पण माझाही अगदी हाच त्रास म्हणून इथेच विचारते. माझी बिनगियरची, नटवाली एक्सल, खाचा मागून उघड्या. चेन ताणून नट आवळते, चार दिवसांनी परत टायर डावीकडे आणि चेन ढिली. डावीकडेच का जातं नेहमी?

तेलकट_हात
ताई, चेन उजव्या बाजूला आहे म्हणून. तुम्ही पायडल दाबता तेव्हा चेन एक्सलचं उजवं टोक पुढे ओढते. उजवं टोक पुढे सरकलं की चाकाचा पुढचा भाग डावीकडे वळतो. वरून बघत मनात आणा, लगेच दिसेल. म्हणजे टायर डाव्या दांडीला लागणं ही उजवा नट नीट धरत नाही याची खूण आहे, डावीकडे काही बिघडलेलं नसतं.

तुमच्या नटवाल्याला असं करा. खाचेतला गंज, रंग, ग्रीस कापडाने पुसून कोरडं करा. आत लॉकनटच्या तोंडाला दाते असतात ते गुळगुळीत झालेत का बघा. बाहेरून नटाखाली वायसर हवाच, दातेवाला असेल तर दाते फ्रेमच्या बाजूला. एक्सलच्या आट्यांना मात्र एक थेंब तेल, म्हणजे तुमचा जोर नट फिरवण्यात न जाता आवळण्यात जाईल. मग चाक मागे ओढून उजवा नट नुसता धरण्यापुरता आवळा. आता टायर हाताने धरून मधोमध आणा आणि डावा नट आवळा. मग उजवा ढिला करून थोडं मागे, परत आवळा, डावा ढिला. असं एकेक पाऊल टाकत चाक मागे न्यायचं, दोन्ही नट एकदम सोडून ताणत बसलात तर तिसरा हात लागेल. शेवटी दोन्ही पूर्ण आवळा, लांब दांड्याचा पाना घ्या, आखूड पान्याने हा नट पुरेसा आवळतच नाही. आतल्या गियरच्या हबवाल्या कंपन्या साधारण ३० ते ४५ न्यूटन मीटर देतात, त्यावरून अंदाज घ्या.

चेन पार तारेसारखी ताणू नका. मधोमध बोटाने वरखाली केली तर सगळी मिळून अर्धा इंचभर हलली पाहिजे. आणि पायडल सावकाश एक पूर्ण फेरी फिरवून बघा, चेनरिंग थोडी तरी अंडाकृती बसलेली असतेच, त्यामुळे एका जागी चेन घट्ट होते. ताण त्या घट्ट जागेवर ठरवायचा. पायडल उलटं मारून ब्रेक लागणारी असेल तर हबमधून निघणारा पट्टा डाव्या दांडीला क्लिपने बांधलाच पाहिजे. तो सुटा राहिला तर ब्रेक लावल्यावर एक्सलच फिरते, त्यात हयगय नको.

साधी_सायकल
बापरे, माझ्याकडे दातेवाले वायसर नटाच्या बाहेर... म्हणजे वायसर आत, लॉकनट आणि फ्रेमच्या मधे घातलेत कोणीतरी आणि नट थेट रंगावर. आज बदलते. तो एकेक पाऊल वाला प्रकार पण कोणी कधी सांगितलाच नव्हता.

चढणकरी
उलटं घातलं. डावीकडे ९, उजवीकडे ४. वर पण तसंच.

म्हणजे फ्रेम सरळ!! खूप हलकं वाटतंय खरं सांगतो. कानस आत ठेवली.

आउटवाला
फ्रेम एकदम सरळ. पाच मिमीचा फरक म्हणजे रिम मधापासून अडीच मिमी डावीकडे आहे. पण नुसत्या तेवढ्याने चढावर चाक सरकणार नाही, जे चार मिमी होतं ते चारच राहायला पाहिजे. सरकतंय म्हणजे पकड नाही. तेलकट_हात, तुम्हाला काय वाटतं?

तेलकट_हात
मला एक्सलच्या टोकांचा संशय आहे. चढणकरी दादा, क्विक रिलीजची सळई पूर्ण बाहेर काढा, स्प्रिंगा बाजूला ठेवा. लॉकनटच्या बाहेर एक्सल किती निघते ते दोन्हीकडे मोजा. आणि ड्रॉपआउटच्या पत्र्याची जाडी मोजा.

चढणकरी
दोन्हीकडे ८ मिमी. ड्रॉपआउट ६ मिमी जाड.

तेलकट_हात
हेच. सळई काढलेल्या अवस्थेत चाक फ्रेममध्ये ठेवा आणि बाहेरून अंगठा फिरवा. एक्सलचं टोक ड्रॉपआउटच्या बाहेर बोटाला लागेल, दोन मिमीची कड.

क्विक रिलीजमध्ये एक्सल फक्त चाक खाचेत टांगायचं काम करते, धरण्याचं काम लिव्हर आणि समोरचा नट करतात, ते दोन बाजूंनी ड्रॉपआउटला लॉकनटवर दाबतात. एक्सल बाहेर आली की लिव्हर आणि नट तिच्या टोकांवर टेकतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही कितीही जोर लावा, सगळा जोर एक्सलच्या दोन टोकांमध्ये जिरतो, फ्रेमपर्यंत पोचतच नाही. हाताला मात्र लिव्हर मस्त घट्ट लागते, म्हणून कोणाला शंका येत नाही. तुमची फ्रेम १२६ची असल्यामुळे दोन्ही बाजूंनी हबला चिमटीसारखी आवळून धरते, तेवढ्यावर सपाटीला निभावलं. उभं राहून जोर आला की उजवं टोक पुढे.

१३० च्या हबला एक्सल १४१ मिमीची लागते, बाजूला साडेपाच. तुमची आठ आणि आठ आणि मधे १३०, म्हणजे १४६. ती १३५ च्या हबची एक्सल आहे.

आउटवाला
आणि आता सगळंच जुळलं! दादा, चाकाच्या डाव्या बाजूला कोन (बेअरिंगचे छरे दाबून धरणारा नट) आणि लॉकनटच्या मधे स्पेसर, म्हणजे जागा भरायची जाड चकती, आहे का बघा बरं.

चढणकरी
डावीकडे काहीच नाही, कोनला लॉकनट थेट चिकटलाय. उजवीकडे आहे एक.

आउटवाला
मग तुमचं चाक माउंटनवाल्या मापाचं, १३५ च्या हबचं. कोणीतरी ते रोड फ्रेममध्ये बसावं म्हणून डावीकडचा पाच मिमीचा स्पेसर काढला, एक्सल दोन्हीकडे सारखी दिसेल अशी सरकवली आणि सोडून दिलं. डावीकडून पाच काढले की हबचा मध्य अडीच मिमी उजवीकडे सरकतो, पण रिम जिथे होती तिथेच राहते. म्हणून रिम अडीच मिमी डावीकडे. तुमच्या ४ आणि ९ चा हिशोब तंतोतंत. अर्धं काम करून सोडलेलं चाक आहे, वाईट नाही, उरलेलं अर्धं आपण करू.

थ्रूवाला
मधेच बोलतो, डिस्क ब्रेकवाल्यांसाठी दोन शब्द. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात, मधे पुठ्ठ्याची घडी ठेवा. चाक आत घालताना डिस्क पॅडच्या मधे नीट बघून सरकवा. डिस्कला तेलकट बोट लावू नका. थ्रू एक्सल, म्हणजे ड्रॉपआउटच्या भोकांतून आरपार जाऊन आट्यांनी बसणारी जाड एक्सल, १२ मिमीची असली तरी आट्या १.०, १.५ आणि १.७५ अशा वेगवेगळ्या येतात, दुसऱ्याची जबरदस्तीने फिरवलीत तर फ्रेमच्या आट्या गेल्या. किती आवळायचं तो टॉर्क बहुतेकदा एक्सलवरच छापलेला असतो.

चढणकरी
काका, आता पुढे काय करू? नवीन एक्सल आणू की हीच कापू? आणि रिम मधे आणणं घरी जमेल का? आउट, म्हणजे रिमचं लचकणं, थोडाफार काढलाय मी आधी, पण अडीच मिमी सरकवणं कधी केलं नाही.

आउटवाला
जमेल, घाई करू नका. आधी एक्सल मग रिम, हाच क्रम, कारण लॉकनट हलले की मध्य हलतो.

१४१ ची मिळाली तर उत्तम, आट्या जुळवून घ्या, १० मिमीवर १ मिमीच्या असतात बहुतेक. नाहीतर आहे ती दोन्हीकडून अडीच अडीच कापायची. कॅसेट काढा, डावीकडचा लॉकनट आणि कोन काढा, एक्सल उजवीकडून ओढून घ्या. छरे मोजून वाटीत ठेवा, मागच्या हबला एका बाजूला पाव इंची नऊ असतात सहसा. कापायच्या आधी एक नट टोकापासून आत फिरवून ठेवा, कापून झालं की तोच नट बाहेर काढताना आट्या साफ करत येतो. टोक कानसीने सपाट करा, बाहेरची कड जराशी मोडा, आणि आतल्या भोकाची कड गोल कानसीने, नाहीतर सळई आत जाणार नाही. म्हणजे तुमची कानस वापरायची आहेच, पण एक्सलवर.

कोन आवळताना ध्यानात ठेवा, क्विक रिलीज लावली की एक्सल किंचित दाबली जाते आणि बेअरिंग थोडं घट्ट होतं. म्हणून नुसत्या हातात एक्सल केसभर डुगडुगली पाहिजे. फ्रेममध्ये लिव्हर दाबल्यावर रिम धरून हलवा, ती डुगडुग गेलेली असली पाहिजे आणि चाक व्हॉल्व्हच्या वजनाने आपोआप हलकेच फिरून थांबलं पाहिजे.

आता रिम. टायर ट्यूब काढा, प्रत्येक निपलला (रिमपाशी स्पोकच्या टोकाचा बारीक नट) थेंबभर तेल, थोडा वेळ मुरू द्या. रिम उजवीकडे न्यायची आहे म्हणजे उजवीकडचे स्पोक आवळायचे, डावीकडचे ढिले करायचे. व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करा म्हणजे फेरी कुठे संपली ते कळेल. पहिल्या फेरीत डावीकडचे सगळे अर्धा फेरा ढिले. दुसऱ्या फेरीत उजवीकडचे सगळे पाव फेरा आवळा. हा क्रम महत्त्वाचा, कारण कॅसेटच्या बाजूचे स्पोक आधीच जास्त ताणलेले असतात, डावीकडे सैल न करता ते आवळत बसलात तर निपलचे कोपरे गोल होतील. दिशा टायरच्या बाजूने बघून ठरवा, स्क्रूसारखं उजवीकडे फिरवलं की आवळतं. हबच्या बाजूने बघितलं की उलटं दिसतं आणि तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

एक जोडफेरी झाली की चाक फ्रेममध्ये घालून मोजा, मग उलटं घालून मोजा. दोन्ही वेळा सारखं माप आलं की थांबा. तीनचार जोडफेऱ्या लागतील कदाचित, अधेमधे समोरासमोरचे दोन दोन स्पोक मुठीत धरून दाबा, पीळ बसला असेल तर किट्ट आवाज होऊन सुटतो. शेवटी बारीक आउट काढा.

तेलकट_हात
लिव्हरबद्दल माझंही एक. जुनी पद्धत म्हणजे कॅम (लिव्हर मिटली की दाब देणारा तिच्या मुळाशी असलेला भाग) आत झाकलेला असतो तीच क्विक रिलीज घ्या, आडव्या खाचेसाठी तर नक्कीच. इटलीच्या तुल्यो कांपान्योलोने १९३० च्या दशकात जी रूढ केली ती हीच ठेवण. बाहेरून उघडा कॅम दिसतो त्या हलक्या लिव्हरची पकड कमी असते, खाच उभी असेल तर निभतं, आडव्या खाचेत चेन ओढून काढते. तोंडाला स्टीलचे दाते हवेत. स्प्रिंगचं निमुळतं टोक आतल्या बाजूला.

बंद करताना लिव्हर नटासारखी गोल गोल फिरवायची नाही. अर्ध्यावर आली, म्हणजे सरळ बाहेर रोखलेली असते तेव्हा, विरोध सुरू झाला पाहिजे, आणि पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. वळ नाही उठला तर उघडून समोरचा नट पाव फेरा आवळा.

आणि चाक घालताना चेन सगळ्यात लहान चकतीवर, डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हाताने मागे ओढून धरा, चेनच्या वरच्या पदरात ती लहान चकती बसवा, मग चाक वर मागे. सायकल सरळ उभी असताना वजन एक्सलवर येऊ द्या आणि तेव्हाच लिव्हर दाबा. उलटी टांगून बसवलेलं चाक नंतर तिरकं निघालेलं मी पुष्कळदा बघितलंय.

साधी_सायकल
माझं झालं. वायसर बाहेर घेतले, खाच पुसली, पावलापावलाने मागे नेलं. आठ दिवस झाले, चेन जशीच्या तशी. खडूने एक्सलपाशी फ्रेमवर खूण केली होती ती पण हललेली नाही.

चढणकरी
खडूची युक्ती छान आहे ताई, मी पण केली.

तर माझं असं झालं. १४१ ची एक्सल मिळाली नाही म्हणून कापली, टोकं आता साडेपाच साडेपाच. सळई न घालता अंगठा फिरवला तर एक्सल ड्रॉपआउटच्या किंचित आत लागते, पहिल्यांदा लिव्हर दाबली तेव्हाच फरक कळला, दात्यांचा रंगात रुतल्याचा बारीक आवाज आला आणि तळहातावर वळ. पूर्वी तो आवाज कधी आलाच नव्हता.

रिमला दोन संध्याकाळ लागल्या. दुसऱ्या जोडफेरीला मी दिशा उलटी केली, काकांनी सांगूनही, आणि माप ६ आणि ७ वरून परत ५ आणि ८ झालं, तेव्हा थांबून टायरच्या बाजूने बघत परत सुरू केलं. आता सरळ घातलं तरी साडेसहा साडेसहा, उलटं घातलं तरी साडेसहा साडेसहा. चिमटा अजून हाताने फाकवावा लागतो, ते राहू दे, सवय झाली.

आज सकाळी तोच चढ, शेवटचं वळण उभं राहून. आवाज नाही. वर पोचून उतरलो, खडूची खूण जागच्या जागी. दांडीवरचा निघालेला रंग बारीक पॉलिश पेपरने साफ करून प्रायमर लावलाय, रंग उद्या.